विश्वासकाकांचा सर्व्हर

शनिवारी सकाळी पावणेदहाला विश्वास सबनीस यांच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये एक हजार तीनशे सत्तेचाळीस मराठी पुस्तकं होती. कादंबऱ्या आणि कथासंग्रह मिळून पाचशे बारा, नाटकं एकशे त्रेचाळीस, आत्मचरित्रं आणि प्रवासवर्णनं दोनशे आठ, कवितासंग्रह सत्त्याण्णव, मुलांची पुस्तकं एकशे अठरा, दिवाळी अंक एकशे चव्वेचाळीस, स्वयंपाकाची एकसष्ट आणि ज्यांना नेमकं काय म्हणावं ते ठरत नाही अशी चौसष्ट. पहिल्या मोजणीत मला दोन जास्त मिळाली होती, पण ती त्यांच्या बायकोची, शुभदाकाकूंची, कॅलेंडरं निघाली. मग मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पुस्तकांखेरीज फ्लॅटमध्ये फारसं काही उरलं नव्हतं. दोन घडीच्या खुर्च्या, एक टेबल, दोन गाद्या, स्वयंपाकघरात चार भांडी, हॉलच्या भिंतीवर घड्याळ आणि टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर. बाकी सामान कंटेनरमधून नाशिकला निघालं होतं. काका-काकूही मंगळवारी जाणार होते, कायमचे. सिंगापुरात चोवीस वर्षं बँकेत काढून काका निवृत्त झाले होते, फ्लॅट विकला गेला होता आणि सोमवारी सकाळी दहाला किल्ल्या नव्या मालकाच्या हातात द्यायच्या होत्या.

पुस्तकं मात्र नाशिकला जाणार नव्हती. तिथे पुस्तकांसाठी एकच कपाट आहे, असं काकूंनी जाहीर केलं होतं. त्या कपाटात मावतील अशी चाळीस पुस्तकं निवडायला काकांना तीन आठवडे लागले. ती आधीच कंटेनरमध्ये गेली होती. उरलेली कुणाकुणाला द्यायची होती, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत जी कुणी नेणार नाही ती सहा वाजता येणाऱ्या रद्दीवाल्याच्या ढकलगाडीत जाणार होती. रद्दीवाल्याला फोन काकूंनी केला. काकांना तो करवला नाही. ते त्या वेळी गॅलरीत जाऊन उभे राहिले होते.

गेले चौदा महिने ही माझीही लायब्ररी होती. पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी २०१४ साली तांजोंग पगारमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायच्या कामावर रुजू झाले. राहायला बुकित पंजांगला. तिथून एलआरटीची लहान ट्रेन, मग एमआरटीची मोठी, मग बस असं करत दर दुसऱ्या रविवारी मी काकांकडे यायचे, चार पुस्तकं परत करायचे आणि चार न्यायचे. माझ्यासारखे आणखी साठ-सत्तर जण तरी होते. एकही पुस्तक रद्दीत जाऊ नये, असं काका कधी बोलून दाखवत नव्हते. पण पुस्तकांचे गठ्ठे बांधायला आणलेली सुतळी ते रोज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवत होते, असं काकूंनी मला सांगितलं.

आमच्या दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या चालक नंदाताई यांनी आधी एक प्रयत्न करून पाहिला होता. त्यांनी पुस्तकांची यादी सगळ्यांना लिहिता येईल अशा एका तक्त्यात इंटरनेटवर टाकली आणि हव्या त्या पुस्तकापुढे आपलं नाव लिहा, असं कळवलं. दोन दिवसांत एकशे बारा पुस्तकांपुढे नोंदी झाल्या. त्यांतल्या त्रेचाळीस ठिकाणी लिहिलं होतं, 'मी'. लोणच्यांच्या एका पुस्तकापुढे 'मी', 'मी पण' आणि 'आधी मी' असं होतं. यातले मी कोण कोण, हे शोधण्यात नंदाताईंचा आठवडा गेला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं.

म्हणून मी एक वेबसाइट लिहिली. पुस्तक निवडायचं, स्वतःचा फोन नंबर द्यायचा, फोनवर एसएमएसने चार आकडी कोड येतो, तो टाकला की पुस्तक तुमच्या नावावर. एका पुस्तकाला एकच माणूस आणि त्या माणसाला नाव. नंदाताईंनी ग्रुपवर जाहीर करून टाकलं: शनिवारी दुपारी बरोबर चारला साइट सुरू, रविवारी दिवसभरात येऊन पुस्तकं घेऊन जा. साइट माझ्या लॅपटॉपवर नीट चालत होती. उरलं होतं फक्त ती काकांच्या कॉम्प्युटरवर बसवणं.

त्या कॉम्प्युटरला काका सर्व्हर म्हणायचे, आणि तो होताही. निवृत्तीच्या तीन वर्षं आधी त्यांनी पुस्तक वाचून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं होतं. प्रत्येक पुस्तकाची नोंद आणि मुखपृष्ठाचा फोटो त्यावर होता, आणि त्याचा इंटरनेटवरचा पत्ता सगळ्या वाचकांना पाठ होता. तेव्हा नवी साइट त्याच पत्त्यावर हवी, हे ओघानेच आलं.

"ही वही आधी वाचून घे," काका म्हणाले आणि त्यांनी शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. "मशीनमध्ये जे जे केलं ते तारखेनिशी लिहिलेलं आहे."

"नंतर बघते, काका," मी म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"अर्ध्या तासाचं?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मग जेवून जा. यांची अर्ध्या तासाची कामं मी चोवीस वर्षं बघितली आहेत."

आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे आणि तो सर्व्हरवर बसवणारे वेगळे. मी लिहिणाऱ्यांपैकी. बसवण्याची ही माझी पहिली वेळ होती, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी स्वतः कमांड देऊन साइट सुरू केली, तेव्हा ती चालली. मग ती आपली आपण चालावी, मशीन बंद करून सुरू केलं तरी उठावी, अशी व्यवस्था केली आणि ब्राउझरमध्ये ५०२ हा आकडा आला. दारावरचा प्रोग्रॅम आतल्या प्रोग्रॅमला हाक मारतो आणि आतून ओ येत नाही, तेव्हा हा आकडा दिसतो. आतून ओ का येत नव्हती, याचं कारण साधं होतं. मी सगळ्या फाइली माझ्या खात्यात ठेवल्या होत्या, आणि आपोआप चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या खात्यातून चालत होता. त्याला माझ्या फाइली वाचायची परवानगीच नव्हती. ती दिली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

मग पहिलं पान दिसलं, पण दिवाळी अंकांवर टिचकी मारली की साइट कोसळायची. कादंबऱ्यांवरही. पानावर एक जरी देवनागरी अक्षर यायचं असेल तरी कोसळायची. मी हाताने चालवली की मात्र सगळी नावं व्यवस्थित दिसत. यातलं कारण सापडायला एक तास वीस मिनिटं लागली. मी चालवताना मशीन माझ्या खात्यातली भाषेची सेटिंग उचलत होतं; आपोआप चालताना त्याला कसलीच सेटिंग मिळत नव्हती, आणि मग जगात फक्त इंग्रजी अक्षरं आहेत असं ते धरून चालायचं.

"म्हणजे त्याला मराठी येत नव्हतं?" काकांनी विचारलं.

"मी सोबत असले की येत होतं. एकटं असलं की विसरत होतं."

"आमच्या इरासारखं," काकू म्हणाल्या. इरा त्यांची मुलगी. इथेच वाढली, आता मेलबर्नला असते. "मी समोर असले की आई, जेवलीस का. पाठ वळली की ओके ला, कॅन ला."

जेवायला वरण-भात आणि पापड होता. तिघांत दोन ताटं असल्यामुळे काका पातेल्याच्या झाकणात जेवले. त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणाले, आता फक्त एसएमएस तपासायचा राहिलाय.

एसएमएस आला नाही.

मी काकांचा नंबर घालून पाहिला, काकूंचा घातला, माझा घातला. सर्व्हरवरून सात वेळा प्रयत्न केला, शून्य एसएमएस. मग तीच साइट लॅपटॉपवर चालवली आणि तिथून पाच वेळा केला; पाच एसएमएस, प्रत्येक चार ते सहा सेकंदांत. प्रत्येक प्रयत्न मी माझ्या वहीत लिहीत होते: वेळ, नंबर, निकाल. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे तो स्वतःशी जी टिपणं ठेवतो त्यात, दर वेळी एकच आकडा होता, ४०३. एसएमएस पाठवणारी सेवा आमची विनंती नाकारत होती, इतकाच त्याचा अर्थ.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला प्रयोगशाळेत शिकवलेलं. इंटरनेट दोन्हीकडे एकच, काकांच्याच वायफायचं. एसएमएस सेवेचा गुप्त पासवर्ड दोन्हीकडे एकच. कोड अक्षरन् अक्षर एकच. मी दोन्हीकडच्या फाइली मशीनकडूनच ताडून घेतल्या. तरी एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही. तीन वाजेपर्यंत माझ्या वहीत अकरा शक्यता लिहिल्या होत्या आणि अकराही खोडल्या होत्या.

हॉलमध्ये काका पुस्तकं पुसत होते. एकदा म्हणाले, "अनुया, नाही झालं तर नाही झालं. जी नंदा घेऊन जाईल ती जातील. बाकीची..." आणि पुढचं पुस्तक पुसायला घेतलं.

मी विवेकला फोन केला. विवेक डोंबिवलीचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि ऑफिसात तो बसवणाऱ्यांपैकी.

"माझ्या मशीनवर चालतंय," मी म्हणाले.

"जरा थांब, खुर्चीवर बसतो," तो म्हणाला. "परत एकदा म्हण."

"विवेक, इथे चारला दोनशे माणसं येणार आहेत."

"माझ्या मशीनवर चालतंय, हे वाक्य तू मला चौदा महिन्यांत किती वेळा ऐकवलंयस?"

"सहा वेळा."

"नऊ. माझ्याकडे नोंद आहे. मग लॅपटॉपवरूनच चालव की."

"ऑफिसचा लॅपटॉप आहे. बाहेरच्यांना उघडून दिला तर सोमवारी तूच माझी तक्रार करशील."

"ते खरं. मग फोनची भानगड काढून टाक. लोक नाव लिहितील."

"लोक 'मी' लिहितात."

मी त्याला तक्त्याची हकिगत सांगितली. तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "ऐक. तुम्ही लोक लॉगमधला आकडा तेवढा वाचता. पूर्ण ओळ वाच. तुला वाटते तशी नाही, लिहिलीय तशी. साइट बाहेरून दिसतेय ना? मी इथून माझा नंबर टाकतो आणि बटण दाबतो. दाबलं. तीन बावीस. दिसतोय माझा प्रयत्न?"

मी लॉग पाहिला. "नाही. तीन बावीसला काहीच नाही."

"नीट बघ."

"नाही ना. तीन एकतीसला आहे एक. पण तो तुझा कसा असेल?"

"आत्ता तीन तेवीस झालेत, अनुया."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात तीन बत्तीस झाले होते. मी सकाळपासून त्याच घड्याळासमोर बसले होते. सर्व्हरवरचे सगळे प्रयत्न वहीत त्याच घड्याळावरून लिहिले होते, आणि लॉगमधल्या वेळा माझ्या वहीशी तंतोतंत जुळत होत्या. म्हणूनच मला कधी शंका आली नव्हती. मी फोन कानापासून काढून त्याच्या पडद्यावर पाहिलं. तीन तेवीस.

"विवेक, मी तुला परत फोन करते."

"आधी फरक मोज," तो म्हणाला. "आणि सोमवारपासून आमच्या टीमला काम पाठवताना प्लीज लिहायचं."

मी फरक मोजला. फोनवरचे सेकंद बघत बटण दाबायचं आणि लॉगमध्ये पडलेली वेळ वाचायची, असं तीन वेळा केलं. नऊ मिनिटं चार सेकंद, नऊ मिनिटं चार सेकंद, नऊ मिनिटं पाच सेकंद. मग एसएमएस सेवेचं माहितीपत्रक उघडलं. सहाव्या पानावर लिहिलं होतं की प्रत्येक विनंतीवर पाठवणाऱ्याने आपली वेळ घालावी, आणि ती आमच्या वेळेपेक्षा पाच मिनिटांहून जास्त मागे किंवा पुढे असेल तर विनंती नाकारली जाईल. कुणी जुनी विनंती चोरून पुन्हा वापरू नये, यासाठी तो नियम होता. आमच्या विनंत्या चोरीच्या नव्हत्या, पण त्या अजून न आलेल्या वेळेत पाठवलेल्या होत्या.

"काका," मी विचारलं, "या मशीनची वेळ कुणी लावली?"

"मी," काका म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. "का? बरोबर आहे ना?"

"नऊ मिनिटं पुढे आहे."

"म्हणजे बरोबर आहे."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "या घरातली सगळी घड्याळं नऊ मिनिटं पुढे असतात," त्या म्हणाल्या. "यांच्या वडिलांपासूनची, पार्ल्याच्या घरातली पद्धत. माझं ओट्यावरचं सोडून. ते मी हात लावू दिलं नाही. कुकर जास्त होतो."

नऊ मिनिटं पुढच्या घड्याळावरही दहा मिनिटं दहाच भरतात, हे मला सांगता आलं असतं.

"घड्याळ पुढे तर आमच्याकडेही असतं, काका. पण नऊ का?"

"तुमच्याकडे किती?"

"पाच."

"पाचात काय होणार आहे?" काका खुर्चीवर बसले. "बघ, दहा ठेवलं तर माणूस घड्याळ बघता बघता दहा वजा करतो आणि लोळत पडतो. नऊ वजा करायला डोकं लागतं. ते होईपर्यंत बूट घालून झालेले असतात. चोवीस वर्षांत एकदाही माझी बस चुकलेली नाही."

"आणि सर्व्हरचं?"

"हो, त्याने मला फार सतावलं. मी पुढे करायचो आणि दुसऱ्या दिवशी ते मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मला वाटलं आतली बॅटरी संपली. बॅटरी बदलली. तरी तेच. मग दोन दिवस वाचत बसलो, तेव्हा कळलं की हे मशीन इंटरनेटवर कुणाला तरी विचारून वेळ बदलतंय." त्यांनी शंभर पानी वही उघडून माझ्यापुढे केली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: १४ मार्च २०१२. घड्याळ पुन्हा मागे. कारण सापडले. वेळ जुळवणारा प्रोग्रॅम कायमचा बंद केला. आता उत्तम.

सकाळी मी बाजूला ठेवलेली वही ती हीच. नोंद चौथ्या पानावर होती.

मी त्यांना पाच मिनिटांचा नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बँकेतल्या माणसाला नियम समजावून सांगावा लागत नाही.

"म्हणजे सकाळपासूनचा हा सगळा खोळंबा माझ्यामुळे," ते म्हणाले.

"अर्धा. मी वही वाचली असती तर दहालाच कळलं असतं."

"आणि पाच मिनिटं पुढे असतं तर?"

"तर कदाचित चाललं असतं."

"म्हणजे पुण्याच्या घड्याळावर चाललं असतं," काकू म्हणाल्या. "पार्ल्याच्या नाही. हे मी नाशिकला सगळ्यांना सांगणार आहे."

काकांचं लक्ष भिंतीकडे गेलं. "पंधरा मिनिटं राहिली. कर लवकर."

"चोवीस राहिली आहेत, काका."

त्यांना ते पटायला एक क्षण लागला. "खरंच की," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मग चहा होतो."

मी टेबलापाशी बसले. वेळ जुळवणारा प्रोग्रॅम पुन्हा चालू करायची कमांड लिहिली, पण एंटर दाबणार तेवढ्यात काकांनी हात पुढे केला.

"थांब. जो लिहितो त्याने पास करायचं नाही. बँकेत लिहिणारा वेगळा आणि तपासून सही करणारा वेगळा." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्यावरची ओळ बोट ठेवून वाचली. "हा काय करणार?"

"बाहेरच्या अचूक घड्याळांना वेळ विचारणार आणि आपलं त्याच्याशी जुळवणार."

"आपण पुढे गेलो तर पुन्हा मागे ओढणार."

"हो."

"भिंतीवरच्याला काही करणार नाही ना?"

"नाही. ते तुमचं."

काकांनी एंटर दाबलं. मग स्वतःच वही ओढून घेतली आणि तारीख घालून लिहिलं: १४ मार्च २०१२ ची दुरुस्ती रद्द. पुढे कंसात त्यांनी माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

मशीन नऊ मिनिटं मागे आलं. त्या दिवशीच्या लॉगमध्ये तीन सदतीस ते तीन सेहेचाळीस हा काळ दोनदा आहे. एकदा ४०३ सह आणि एकदा त्याशिवाय. बाहेरच्या घड्याळांशी उरलेला फरक मी तपासला. तो आठ मिलिसेकंद होता.

"आता तुमचा नंबर टाका," मी म्हणाले.

काकांनी एकेक आकडा सावकाश टाकला. पाच सेकंदांनी त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. ते फोन हातात घेऊन कितीतरी वेळ नुसते त्या चार आकड्यांकडे बघत राहिले. शेवटी काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कोड मोठ्याने वाचून दाखवला.

चहा पिऊन होईपर्यंत तीन अठ्ठावन्न झाले. नंदाताईंचा फोन आला. "उघडायचं ना गं बरोबर चारला? माणसं तीनपासून मला विचारतायत. मी त्यांना म्हटलं, आधीच घुसू नका, कोण किती वाजता आला ते मशीनला कळतं."

"आता कळतं," मी म्हणाले.

चारला मी साइट उघडली. पहिली नोंद चार वाजून अकरा सेकंदांनी झाली. लोणच्यांचं पुस्तक. नाव पाहून मी स्वयंपाकघराकडे वळले. काकू ओट्याला टेकून फोन बघत होत्या.

"काकू, हे तर तुमचंच पुस्तक आहे."

"होतं," काकू म्हणाल्या. "तुझे काका देऊन टाकत होते. आता माझ्या नावावर आहे. पर्समधून नेईन."

दहा मिनिटांत दोनशे बारा पुस्तकांना नावं लागली. काका पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येक नाव आलं की त्या माणसाविषयी एक वाक्य सांगू लागले. हा नाटकं नेतो आणि पान मुडपून ठेवतो. ही तीन वर्षांपूर्वी नेलेलं अजून परत द्यायची आहे, पण देऊ दे हिला. हे कोण, हे मला माहीतच नाही; बरं झालं. सात वाजता मी निघाले तेव्हा आठशे त्र्याण्णव झाली होती आणि काका अजून खुर्चीतच होते. मी लिफ्टपाशी पोचल्यावर त्यांनी दारातून विचारलं, मशीन रात्रभर चालू ठेवायचं ना? मी म्हणाले, ठेवायचं. बंद झालंच तरी आपलं आपण उठेल.

रविवारी लोक आले ते चाकांच्या बॅगा घेऊन. एक जोडपं बाबागाडी घेऊन आलं, गाडीतलं बाळ बापाच्या कडेवर आणि गाडीत साठ-सत्तर दिवाळी अंक. नंदाताईंनी मुलांची एकशे चार पुस्तकं घेतली. बुकित पंजांगला त्यांच्या शेजारच्या एका घरात रविवारचा मराठीचा वर्ग चालतो, तिथे ठेवणार म्हणाल्या. 'मी पण' आणि 'आधी मी' यांतल्या दोन बायका एकाच लिफ्टने वर आल्या आणि लोणच्यांचं पुस्तक काकूंनीच पळवलं हे कळल्यावर, महिनाभरात पहिल्यांदा, एकमेकींशी बोलल्या. काका दारात यादी घेऊन उभे होते. नाव विचारत, पुस्तकं मोजून देत, यादीवर खूण करत. प्रत्येकाला सांगत, परत द्यायचं नाही, पण वाचून झालं की पुढे द्या. दुपारी त्यांचा घसा बसला, तेव्हा हे वाक्य काकू म्हणू लागल्या.

साडेपाचला शेवटची बॅग गेली. फ्लॅटमध्ये बोललं की आवाज घुमत होता. काकांनी आणि मी सगळ्या खोल्यांतून फिरून उरलेली पुस्तकं टेबलावर आणली. शेअर बाजारावरची चार, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरवरची पाच, १९९८ चं वार्षिक राशिभविष्य आणि मुखपृष्ठ नसलेले सात दिवाळी अंक. मी मोजली, काकांनी तपासली. सतरा. काकांनी सुतळी घेतली आणि त्यांचा गठ्ठा स्वतः बांधला.

सहाला बेल वाजली. दारात पांढऱ्या बनियनमधले एक चिनी आजोबा होते आणि त्यांच्या मागे भलीमोठी ढकलगाडी. त्यांनी रिकाम्या हॉलमध्ये डोकावून पाहिलं, मग काकांच्या हातातल्या गठ्ठ्याकडे.

"ओन्ली धिस, आ?"

"ओन्ली धिस," काका म्हणाले.

आजोबांनी खिशातून आकड्याचा ताणकाटा काढला, सुतळीत अडकवला आणि गठ्ठा वर उचलला. काका आणि मी दोघेही वाकून वाचू लागलो. सहा किलो शंभर ग्रॅम.